सशाची साक्ष

प्राण्यांवरच्या प्रयोगांचा विषय निघाला की आपल्याकडचा वाद पाच मिनिटांत रुळावरून घसरतो. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने नव्या औषधांच्या चाचण्यांचे नियम दुरुस्त करून पेशी बसवलेल्या चिप, ऑर्गनॉइड (म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेले अवयवांचे इवले नमुने), संगणकी प्रारूपं अशा पर्यायांनाही जागा दिली. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-नियंत्रक संस्थेने, काही औषधांच्या बाबतीत प्राण्यांवरच्या चाचण्यांची सक्ती टप्प्याटप्प्याने कमी करू, असं जाहीर केलं. दोन्ही वेळी तीच दोन टोकं समोर आली. एक म्हणतं, सशाचं शरीर वेगळं, माणसाचं वेगळं, तेव्हा हे सगळं क्रौर्य फुकटचं. दुसरं म्हणतं, लहानपणी घेतलेल्या लशी आधी कुठल्यातरी प्राण्यालाच टोचल्या होत्या ना, मग गप्प बसा. प्रयोगात नेमकं काय केलं, काय दिसलं आणि पुढे त्याचं काय झालं, याच्याशी दोघांनाही फारसं देणंघेणं नसतं.

मला दोन्ही पटत नाहीत. प्राण्यावरचा प्रयोग ही एक साक्ष असते. साक्षीदाराला न ऐकताच हाकलून देणं चूक, आणि त्याच्या तोंडची सोयीची दोन वाक्यं उचलून खटला निकाली काढणंही चूक. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत दुसरी चूक जास्त झाली, आणि तिची किंमत ससे, कुत्रे आणि माणसं अशा तिघांनी मोजली. हवेत बोलण्यापेक्षा एकच प्रकरण घेतो: शरीरातलं एक पातळ आवरण काढून सांध्यात लावायचं आणि त्यातून नवी कूर्चा उगवून घ्यायची, हे स्वप्न.

कूर्चा म्हणजे दवाखान्यात ज्याला गुडघ्याची गादी म्हणतात ती, हाडाच्या टोकावरचा गुळगुळीत पांढरा थर. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, नसा नाहीत. सांधा हलला, दाब पडला-सुटला की भोवतालच्या द्रवातून जे झिरपेल त्यावर ती जगते. म्हणून मोडलेलं हाड जुळतं, फाटलेली कातडी भरते, पण कूर्चेला पडलेला खड्डा तसाच राहतो. विल्यम हंटर यांनी १७४३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हेच मांडलं होतं. मात्र कानातल्या किंवा बरगडीच्या कूर्चेवर एक आवरण असतं, पेरिकॉन्ड्रियम. आणि हाडावर असतं ते पेरिऑस्टियम. घरी मटण करणाऱ्याला हे दुसरं चांगलं ओळखीचं आहे. नळीच्या हाडावरून सुरी फिरवली की जो पांढरट, चिवट पापुद्रा सुटून येतो, तोच तो. दिसायला टाकाऊ, पण त्याच्या आतल्या थरातल्या काही पेशींचं काय व्हायचं ते अजून ठरलेलं नसतं. परिस्थिती मिळेल तसं त्या हाड करतील, नाहीतर कूर्चा.

स्वीडनमधल्या उप्साला इथे टॉर्ड स्कूग आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये सशांवर दाखवून दिलं की पेरिकॉन्ड्रियमपासून खरोखर नवी कूर्चा तयार होते. पुढे टोरंटोत रॉबर्ट सॉल्टर आणि शॉन ओ'ड्रिस्कॉल यांनी पेरिऑस्टियमवर काम केलं. सशाच्या नडगीच्या हाडावरचा छोटा तुकडा उचलायचा, त्याच सशाच्या गुडघ्यात मुद्दाम केलेल्या खड्ड्यात लावायचा, आणि मग ससे गटांत वाटायचे: काहींचा पाय जखडून ठेवायचा, काहींना पिंजऱ्यात मोकळं सोडायचं, काहींचा पाय एका यंत्राला बांधून दिवसरात्र हळूहळू वाकवत-सरळ करत राहायचं. आपल्याकडे गुडघा बदलल्यावर पलंगावर जे 'सीपीएम मशीन' लावतात, त्याचा जन्म सॉल्टर यांच्या याच विचारातून झाला. काही आठवड्यांनी खड्ड्याच्या जागेचे पातळ काप काढून रंगवले. सॅफ्रानिन-ओ हा रंग कूर्चेतल्या प्रोटिओग्लायकॅन या घटकाला धरतो, त्यामुळे चांगली कूर्चा नारिंगी-लाल दिसते आणि साधा तंतुमय व्रण फिकाच राहतो. यंत्रावर हलत राहिलेल्या गुडघ्यांत तो लाल रंग कितीतरी जास्त होता. १९८४ ते १९८८ या काळात हे निकाल छापून आले. ज्या ऊतीबद्दल अडीचशे वर्षं 'ती भरून येत नाही' असं सांगितलं जात होतं, ती त्या कापांत भरून आलेली दिसत होती. त्या काळातल्या कुठल्या सर्जनचा हात शिवशिवला नसेल?

इथपर्यंत मी प्रयोगाच्या बाजूचा आहे. हे काम नीट होतं. त्यात तुलनेसाठी गट होते, प्रश्न नेमका होता, उत्तर डोळ्यांना दिसत होतं. गडबड त्यानंतर झाली.

नेदरलँड्समध्ये रुग्णाच्याच बरगडीवरचं पेरिकॉन्ड्रियम घेऊन ते फायब्रिनच्या (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या) गोंदाने गुडघ्यातल्या खड्ड्यात चिकटवायला सुरुवात झाली. १९९० च्या पहिल्या अहवालात पंचवीस रुग्ण होते आणि बहुतेकांचे खड्डे कूर्चेसारख्या ऊतीने भरलेले दिसले. तुलनेसाठी दुसरा गट मात्र नव्हता. पुढे वर्षं गेली तशी अनेकांत लावलेल्या जागी चुना साठून हाड होऊ लागलं. आणि खड्डा साफ करून हाडाला छिद्रं पाडायच्या जुन्या, स्वस्त शस्त्रक्रियेशी, दोन स्वतंत्र अभ्यासांचे निकाल शेजारी ठेवून, तुलना झाली, तेव्हा दहा वर्षांनी दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक उरला नव्हता.

स्वीडनमधल्याच गोटेबोर्गमध्ये ब्रिटबर्ग आणि पीटरसन यांची वाट जरा वेगळी होती. रुग्णाच्या कूर्चेतल्या पेशी काढून प्रयोगशाळेत वाढवायच्या, खड्ड्यात सोडायच्या आणि वरून पेरिऑस्टियमचा तुकडा टाके घालून झाकण म्हणून बसवायचा. आधी ससे, मग १९८७ पासून माणसं. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या सर्वांत वजनदार वैद्यकीय साप्ताहिकात तेवीस रुग्णांचा अहवाल आला. मांडीच्या हाडाच्या टोकावर खड्डा असलेल्या सोळांपैकी चौदांचा निकाल चांगला किंवा उत्तम होता. वाटीच्या मागे खड्डा असलेल्या सातांपैकी मात्र दोघांचाच. याही अहवालात तुलनेचा गट नव्हता. तरी तीन वर्षांत, १९९७ मध्ये, एफडीएने अशा वाढवलेल्या पेशींच्या उत्पादनाला परवानगी दिली.

त्याच १९९७ साली बोस्टनच्या एका गटाने कुत्र्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी तीन प्रकारचे खड्डे ठेवले: पेशी आणि वरून पेरिऑस्टियम, नुसतं पेरिऑस्टियम, आणि काहीच न भरलेला रिकामा खड्डा. वर्ष-दीड वर्षाने पाहिलं तर तिन्हींत लक्षणीय फरक नव्हता. नॉर्वेत ऐंशी माणसांवर चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना २००४ मध्ये आली. चाळीस जणांना पेशी, चाळीस जणांना हाडाला बारीक छिद्रं पाडण्याचा सोपा उपाय. दोन वर्षांनी फरक नाही, पाच वर्षांनी नाही, चौदा-पंधरा वर्षांनीही पेशींची बाजू सरस ठरली नाही. म्हणजे माणसांवरच्या चाचणीने जो इशारा २००४ मध्ये दिला, तो कुत्र्यांनी सात वर्षं आधीच देऊन ठेवला होता.

प्राण्यांवरचे प्रयोग उपयोगी असतात याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही. पण प्रयोगांचे कैवारी तो कधी देत नाहीत. का? कारण त्या प्रयोगाचं उत्तर 'नाही' असं होतं. कैवाऱ्यांना यशाच्या गोष्टी हव्या असतात, आणि विरोधकांना तर असा दाखला अडचणीचाच. मग बोस्टनच्या त्या कुत्र्यांना वाली कोण?

विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा शरीररचनेचा आहे आणि तो पुरता मान्य करायला हवा. सशाच्या गुडघ्यातली कूर्चा साधारण ०.३ मिलिमीटर जाडीची, माणसाची दोन-अडीच मिलिमीटर. ससा बसतो तो गुडघा पूर्ण दुमडून. त्याच्या कूर्चेवर वजन येतं तेही वेगळ्या कोनातून. शिवाय तरुण सशात हाडापर्यंत गेलेला तीन मिलिमीटरचा खड्डा काहीही न करता आपोआप बऱ्यापैकी भरतो. आता ज्या प्राण्यात खड्डा आपोआप भरतो, त्यात काहीही लावा, वाहवा होणारच. हा आक्षेप खोडता येत नाही. पण त्यातून निघतं काय? प्रत्येक सशाच्या प्रयोगाला रिकाम्या खड्ड्याचा गट हवा. आशादायक निकाल लागला तर तो शेळी, मेंढी किंवा घोड्यासारख्या जाड कूर्चेच्या प्राण्यात तपासावा. आणि आठ-बारा आठवड्यांवर समाधान न मानता वर्षभर थांबावं. एफडीएने २०११ मध्ये गुडघ्याच्या कूर्चेवरच्या उत्पादनांसाठी मोठ्या प्राण्यात वर्षभराचा अभ्यास सुचवला, तो हेच शिकून. पहिल्या उत्पादनाला परवानगी दिल्यानंतर चौदा वर्षांनी!

आणि ससे खोटं बोलले, हे मला मुळातच मान्य नाही. त्यांनी सांगितलं होतं की सांधा हलता राहिला तरच जमतं. पेरिऑस्टियम मुळात हाड घडवणारं आवरण आहे, हे तर फ्रान्समधल्या लिऑनच्या सर्जन ऑलिए यांनी एकोणिसाव्या शतकातच प्राण्यांवर दाखवलं होतं, तेव्हा त्याच्या जातकुळीतल्या आवरणातून पुढे गुडघ्यात हाड उगवलं याचं आश्चर्य कशाला? ओ'ड्रिस्कॉल यांच्याच गटाने २००१ मध्ये सशांवर आणखी एक गोष्ट दाखवली: वय वाढतं तशी पेरिऑस्टियमची कूर्चा करण्याची ताकद घटत जाते. साक्षीदाराने अटी-शर्तींसकट बोलणी केली होती. आपण अटी गाळून फक्त होकार नोंदवून घेतला.

याच गाळीव होकारावर आज स्टेम सेलच्या, म्हणजे काय व्हायचं ते अजून न ठरलेल्या पेशींच्या, उपचारांची एक बाजारपेठ उभी आहे. कुठल्याही मोठ्या शहरात संध्याकाळी रिक्षात बसा, सीटमागे जाहिरात दिसेल: अर्धा लाल, अर्धा निळा गुडघा, आणि खाली 'ऑपरेशनशिवाय गादी पुन्हा तयार'. रांगेत उभे असतात साठी-सत्तरीचे, ज्यांचा सगळा सांधाच झिजला आहे: कूर्चा, तिच्याखालचं हाड, आतलं अस्तर, सगळं. प्रयोगातला ससा तरुण, निरोगी, आणि त्याच्या गुडघ्यात कडा नीट तासलेला एकच गोल खड्डा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय? तरी सल्ल्याच्या खोलीत लॅपटॉपवर दाखवतात तो लाल रंगलेला काप. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेल उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाहीत. नियम स्पष्ट आहे. रिक्षाच्या सीटमागे तो कोणी चिकटवत नाही, एवढंच.

यावर उत्तर येतं: 'पण लोकांना बरं वाटतं ना?' वाटतं. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या मोझली आणि सहकाऱ्यांनी झिजलेल्या गुडघ्यांच्या १८० रुग्णांवर एक धाडसी चाचणी केली. काहींचा सांधा दुर्बिणीतून खरोखर साफ केला किंवा धुतला. काहींच्या कातडीवर नुसत्या चिरा देऊन टाके घातले. बरं वाटणं दोन्हीकडे सारखंच! दुर्बिणीची ती शस्त्रक्रिया तोवर जगभर सर्रास होत होती, आणि ती करणारे सर्जन लबाड नव्हते. त्यांचे रुग्ण खरंच हसत घरी जात होते. दुखणं हा चढउतारांचा आजार आहे आणि माणूस दवाखान्यात येतो तो दुखणं शिगेला पोचलं की. तिथून खाली उतरण्याचं श्रेय ज्याला त्याला आपल्याच सुईला द्यावंसं वाटतं. तुलनेचा गट नसेल तर तेवीसमधल्या सोळांचं बरं होणं नेमकं कशामुळे, हे सांगायचं कसं?

आता दुसऱ्या टोकाचा भक्कम मुद्दा. पेशी वाढवून लावण्याचा उपाय तिथेच थांबला नाही. पेरिऑस्टियमचं झाकण अनेकदा जाड होऊन पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागे, म्हणून ते टाकून कोलॅजन या प्रथिनाचा पडदा आला. आणि अशा पडद्यावर पेशी बसवून केलेल्या, १४४ रुग्णांच्या एका युरोपीय चाचणीत २०१४ मध्ये दिसलं की मोठ्या खड्ड्यांसाठी हा उपाय छिद्रं पाडण्यापेक्षा दुखणं आणि हालचाल दोन्हींत सरस ठरतो. म्हणजे त्या सशांच्या वंशातून शेवटी काहीतरी हाती लागलं, आणि खेळताना गुडघा दुखावलेल्या तरुणाला त्याचा उपयोग आहे. हे मी मोकळेपणाने मान्य करतो. मात्र ते हाती कसं लागलं ते पाहा. सशाच्या कापावर विसंबून नव्हे, दोन गट समोरासमोर उभे केले तेव्हा.

या बाबतीत मुंबईने जगाला एक धडा दिलेला आहे आणि आपणच तो विसरलो. १८९६ च्या प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या खोलीत लस बनवली आणि सशांवर तपासली. शहर रिकामं होत होतं, स्मशानं भरली होती; तिथेच थांबून त्यांनी लस विकायला काढली असती तर कोण अडवणार होतं? १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात, एकाच छपराखाली, लस घेतलेले आणि न घेतलेले कैदी अशी तुलना केली. कैद्याच्या 'स्वेच्छे'ला किती अर्थ असतो हा प्रश्न आज आपण विचारूच, आणि विचारायलाच हवा. पण ससा झाला की माणसांत तुलना, ही पायरी त्या भीषण घाईतही त्यांनी गाळली नाही. जिवावर न बेतणाऱ्या गुडघेदुखीसाठी आपण ती सव्वाशे वर्षांनी गाळतो.

'आता चिप आहेत, ऑर्गनॉइड आहेत, मग प्राणी कशाला?' हा प्रश्न औषध यकृताला घातक आहे का, अशा कामांसाठी रास्त आहे. गुडघ्याच्या बाबतीतही बरंच काम प्राण्याशिवाय होऊ शकतं. गुडघा बदलताना कापून काढलेली माणसाची कूर्चा रोज ऑपरेशन थिएटरच्या पिवळ्या पिशवीत जाते. परवानगी घेऊन ती प्रयोगशाळेत आणता येते. खाटकाकडून आणलेल्या सांध्यावर दाब-ताणाचे प्रयोग करता येतात. पण लावलेलं आवरण वर्षभर चालताना, उड्या मारताना, भार सोसताना टिकतं की सुटून येतं, याचं उत्तर देणारी चिप आज नाही. तेवढ्या एका प्रश्नासाठी प्राणी लागतो, असं मला वाटतं. आणि लागत असेल तर तो प्रयोग असा हवा की पुन्हा कुणाला करावा लागू नये.

इथे प्राणिमित्रांशी माझा एक छोटा वाद आहे. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये तीन तत्त्वं मांडली: पर्याय शोधा, संख्या कमी करा, वेदना कमी करा. आपल्याकडच्या नैतिक समित्या, म्हणजे १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली चालणारी यंत्रणा, यातल्या संख्येवर फार बोट ठेवते. बारा सशांचे आठ करा, सहा करा. ऐकायला दयाळू वाटतं. पण सहा सशांतून कुठलाही निष्कर्ष निघणारच नसेल, तर ते सहाही वाया गेले, आणि तोच प्रयोग पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजात दुसरा विद्यार्थी प्रबंधासाठी पुन्हा करणार. चोवीस सशांचा, रिकाम्या खड्ड्यासह, कोणता ससा कोणत्या गटातला हे काप पाहणाऱ्याला न सांगता केलेला एक प्रयोग हा सहा-सहाच्या पाच प्रयोगांपेक्षा सशांच्याच दृष्टीने बरा.

माणसांवरच्या चाचणीची नोंद आपल्याकडे सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आधी करावी लागते, म्हणजे निकाल मनाविरुद्ध लागला तरी चाचणी झाली होती हे लपत नाही. प्राण्यांसाठी अशा ऐच्छिक नोंदवह्या नेदरलँड्समध्ये आणि जर्मनीत गेल्या दशकाच्या अखेरीस सुरू झाल्या. समितीची मान्यता मिळालेल्या प्रत्येक प्रयोगाची आधी नोंद आणि दोन वर्षांत निकाल जाहीर, फसलेला असला तरी, एवढी सक्ती इथे का नसावी? ज्या प्रयोगाचं उत्तर 'नाही' असतं तो ड्रॉवरमध्ये पडून राहतो, आणि दुसरा कोणीतरी त्याच खड्ड्यात पुन्हा तेच आवरण लावतो.

याने संशोधन मंदावेल, रुग्णांना थांबावं लागेल, असा आक्षेप निघेल. उप्सालाच्या सशांपासून नॉर्वेच्या चाचणीपर्यंत बत्तीस वर्षं गेली, आणि त्यातली निम्म्याहून अधिक वर्षं माणसांच्या गुडघ्यांत पेरिऑस्टियम नाहीतर पेरिकॉन्ड्रियम बसवणं चालूच होतं. तुलनेचा गट १९९० मध्येच उभा केला असता तर यातली किती वर्षं वाचली असती, याचा हिशेब आक्षेप घेणाऱ्यांनी मांडून दाखवावा.